सोसायटीच्या हॉलमध्ये जुन्या गेमची बैठक भरवायची तर: कॅसेट, डब्बा टीव्ही, जामा बोर्ड आणि नंबर लावणं

व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये मी जितका खेळलोय त्याच्या दहापट मागे उभा राहून बघितलंय. खिशात दोन रुपये म्हणजे दोन टोकन, ती पाच मिनिटांत उडायची, मग उरलेला तासभर दुसऱ्याच्या खांद्यावरून बघत "अरे ड्रम फोड, आत खायला असेल" असं ओरडायचं. हे आधीच सांगतोय कारण आम्ही चार-पाच जण कोथरूडात गेली काही वर्षं दर दोन महिन्यांनी जुन्या गेमची बैठक भरवतो आणि आमच्या पहिल्या दोन बैठका फसल्या त्या याच कारणाने, सगळी मांडणी खेळणाऱ्यांसाठी केली होती, बघणाऱ्यांचा विचारच नव्हता. चाळीस लोक आले तर एका वेळी हातात गेमचा रिमोट असतो बारा-पंधरा जणांच्या, बाकीचे काय करणार? मोबाईल काढतात आणि तासाभरात "चला, येतो" म्हणून निघतात. त्यामुळे खाली जे काही लिहिलंय ते करताना प्रत्येक वेळी एकच विचारायचं, मागे उभ्या असलेल्याला दिसतंय का आणि त्याला मजा येतेय का.

आधी माळा रिकामा करा

खरेदी नंतर. आधी पाच-सहा जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप करा आणि प्रत्येकाला घरचा माळा बघायला सांगा. आपल्याकडे ओरिजनल फॅमिकॉम, म्हणजे निन्टेन्डो कंपनीचा टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा (कन्सोल), फार कमी लोकांकडे होता, जपानात तो १९८३ ला आला पण आपल्या घरात आल्या त्या त्याच्या नकला, समुराई, लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर वगैरे, आणि सोबत ती '९९९९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट ज्यात मोजून वीस-पंचवीसच गेम असायचे आणि तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने. या नकलांना नाकं मुरडू नका, आपल्या बैठकीची तीच खरी शान आहे. कुणाकडे पहिला प्लेस्टेशन निघेल, कुणाकडे पीएस-२ तर नक्कीच निघेल. एक वही घाला: कुणाचं काय, कुठली वायर सोबत आहे, चालतंय की नाही. ही वही पुढे भांडणं वाचवते.

कमी पडलं तर पुण्यात जुना बाजार आहे, रविवारी आणि बुधवारी भरतो, सकाळी लवकर जा. वायरी, पिना, अॅडॉप्टर यासाठी तपकीर गल्ली, मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड. जुन्या बाजारात कन्सोल घेताना "चालू आहे साहेब" यावर विश्वास ठेवायचा नाही, भंगार समजूनच भाव करायचा, चालला तर बोनस.

डब्बा टीव्ही का, आणि कसा

नवीन लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, एलईडी टीव्हीला जोडलं तर काय बिघडतं. चित्र दिसतं की. पण जुने गेम डब्बा टीव्हीसाठी, म्हणजे जुन्या पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीसाठी बनलेत, कन्सोलमधून चित्र निघालं की पिक्चर ट्यूबवर ते जवळजवळ त्याच क्षणी उमटतं, एलईडी टीव्ही मात्र आधी ते चित्र घेतो, मोठं करतो, साफ करतो आणि मग दाखवतो. बटण दाबल्यावर मारिओ अंमळ उशिरा उडतो आणि खड्ड्यात पडतो. जुन्या कन्सोलची वायर नव्या टीव्हीला जोडून देणारे ते चायनीज एव्ही-टू-एचडीएमआय अॅडॉप्टर तर आणखी उशीर घालतात.

सगळ्यात पक्का पुरावा बदकवाला गेम, डक हंट, ज्यात टीव्हीसमोर खेळण्यातली बंदूक धरून बदकं मारायची. बंदुकीतून काही सुटत नाही, उलट नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. घोडा ओढला की स्क्रीन एका फ्रेमसाठी पूर्ण काळी होते आणि पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, दोन बदकं असली तर एकामागून एक दोन चौकोन. बंदुकीला आधी काळं आणि मग नेमक्या त्या वेळी पांढरं दिसलं तर नेम लागला. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, एलईडी टीव्हीवर पांढरा चौकोन येईपर्यंत गेमने "चुकला" म्हणून नोंदवलेलं असतं आणि गेममधला तो कुत्रा हसत वर येतो. लहानपणी आपण ट्यूबलाईटकडे बंदूक धरून चीटिंग करायचा प्रयत्न करायचो आणि ते चालायचं नाही त्याचं कारण ती आधीची काळी फ्रेम! हे समजावून सांगताना आमच्याकडे दरवेळी घोळका जमतो, म्हणून बदकवाला टीव्ही दाराजवळ ठेवतो.

डब्बा टीव्ही सहसा फुकट मिळतो, लोकांना माळ्यावरून काढून हवाच असतो. २१ इंची घ्या. २९ इंची फ्लॅट मिळाला तर मोह आवरा, चाळीस किलोच्या वर जातो आणि दोन माणसं कंबर धरून बसतात. शेवटी शेवटी आलेले काही महागडे १०० हर्ट्झवाले डब्बे टाळा, ते चित्रावर आत प्रक्रिया करतात, त्यावर बंदूक चालत नाही. उचलताना काच स्वतःच्या छातीकडे ठेवा कारण सगळं वजन पुढच्या बाजूला असतं, रिक्षात ठेवताना काच सीटच्या पाठीला टेकवायची.

घरी आणल्यावर लगेच चालू करू नका. बाहेरून धूळ झाडा, मागच्या जाळीतून बॅटरी मारून बघा (आमच्या एकात पालीची अंडी होती), वायर कुठे कुरतडलीय का बघा, मग मोकळ्या जागेत चालू करा आणि एक जण पंधरा मिनिटं स्विचजवळ उभा राहू दे. जळका वास आला की बंद. आणि हे नीट वाचा, मागचं झाकण स्वतः उघडायचं नाही. पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्टपर्यंत दाब असतो आणि प्लग काढल्यावरही चार्ज आत राहू शकतो. टीव्ही दुरुस्त करणारे जुने काका प्रत्येक पेठेत एखादे तरी उरलेत, त्यांना शोधा, त्यांचा नंबर सोन्यासारखा जपा.

चित्र काळंपांढरं आलं तर टीव्ही बिघडला असं लगेच समजू नका. रंग दाखवायच्या पद्धती दोन, आपल्या टीव्हींची 'पाल' (PAL) आणि जपानी-अमेरिकन कन्सोलची एनटीएससी, टीव्हीच्या मेन्यूत कलर सिस्टम ऑटोवर टाकून बघा. कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग दिसले तर शेजारी स्पीकर ठेवलाय का बघा, तो लांब करा, टीव्ही अर्धा तास बंद ठेवून पुन्हा लावा, बहुतेक वेळा जातात.

जागा आणि लाईट

सोसायटीचा हॉल सगळ्यात बरा. तळमजला हवा, किंवा लिफ्ट तरी. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, त्यात 'व्हिडिओ गेम' एवढंच लिहिलं तर त्यांच्या डोळ्यासमोर जुगाराचं पार्लर येतं, आमच्या पहिल्या अर्जाचं तेच झालं. 'जुन्या खेळांचा मेळावा, सभासदांच्या मुलांना प्रवेश' असं लिहिल्यावर आठ दिवसांत होकार.

लाईटचा हिशोब कागदावर करा. २१ इंची डब्बा साधारण ८० ते १०० वॅट खातो, साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर हिशोबाने १३८० वॅट बसतात म्हणजे कागदावर तेरा टीव्ही, पण एका बोर्डावर पाचच्या पुढे जाऊ नका कारण डब्बा चालू करताना पहिल्या क्षणी खूप करंट ओढतो. आम्ही पहिल्यांदा आठ टीव्ही एका एक्स्टेंशनला लावून मेन स्विच एकदम चालू केला, एमसीबी पडला, आणि कळलं की पाण्याची मोटरपण त्याच लाईनवर आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी टॉवेल गुंडाळून भांडायला आल्या. तेव्हापासून एकेक टीव्ही, पाच-पाच सेकंद थांबून. वायरी जमिनीला चिकटपट्टीने चिकटवा, लहान मुलं धावतात.

मांडणी अशी करतो: टीव्ही भिंतीला लावून बाकड्यावर, जमिनीपासून दोनेक फुटांवर. समोर सतरंजी, खेळणारे खाली मांडी घालून. त्यांच्या मागे एक खुर्च्यांची रांग, तिच्यामागे उभे राहणारे. म्हणजे तीन थरांना दिसतं. आधी आम्ही टेबल-खुर्ची लावायचो तर खेळणाऱ्याचं डोकंच मध्ये यायचं. दोन टीव्हींमध्ये निदान चार-पाच फूट सोडा नाहीतर गर्दी एकमेकांत मिसळते. आवाज एकाच टीव्हीचा मोठा, बाकी सगळे बारीक. आणि रात्री दहाच्या आत स्पीकर बंद, तो नियमच आहे.

कॅसेट, रिमोट, अॅडॉप्टर

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. माहितेय, सगळ्यांनी मारलीय, आणि चालायचीसुद्धा. पण ती फुंकरीने नाही, कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने चालायची, फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पिना गंजतात. ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कापसाचा इअरबड त्यात बुडवून पिळून घ्या, कॅसेटच्या खालच्या सोनेरी पट्ट्यांवरून लांबीच्या दिशेने ओढा. पहिला बड काळाकुट्ट निघेल, दुसरा तपकिरी, तिसरा-चौथा साफ निघेपर्यंत चालू ठेवा. मग दहा मिनिटं वाळू द्या आणि कन्सोलमध्ये दोन-तीनदा घालून काढा म्हणजे आतल्या पिनासुद्धा घासल्या जातात.

रिमोट म्हणजे कंट्रोलर, आपल्याकडे कुणी कंट्रोलर म्हणालं की तो पुण्याबाहेर वाढलाय असं मी समजतो. नकली कन्सोलच्या रिमोटला दोन प्रकारच्या पिना येतात, नऊ पिनांची आणि पंधरा पिनांची, विकत घ्यायच्या आधी मोजा. बटणं चिकट झाली असतील तर चार स्क्रू काढून आतली रबरी पट्टी साबणाच्या पाण्याने धुवा, इथे उघडायला काही भीती नाही.

अॅडॉप्टरचं मात्र ऐका. पिन बसते म्हणून लावायचा नाही. व्होल्टेज बघा, आणि ते गोल चिन्ह बघा, मधली पिन प्लस की मायनस. ओरिजनल फॅमिकॉमला मधली मायनस लागते. मी एकदा घाईत उलटा लावला, एक बारीक फुस्स असा आवाज आला आणि मित्राचा अठ्ठावीस वर्षं जपलेला लिटल मास्टर गेला, तो अजून टोमणे मारतो. आता प्रत्येक अॅडॉप्टरला आणि त्याच्या कन्सोलला एकाच रंगाची पट्टी लावलीय. जपानी कन्सोल असेल तर त्यांचा लाईट १०० व्होल्टचा, त्यांचा अॅडॉप्टर आपल्या २३० व्होल्टमध्ये सरळ घालायचा नाही, मध्ये स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवाच.

पहिला प्लेस्टेशन डिस्क वाचत नसेल तर तो उलटा करून बघा, हसू नका, जुन्या मॉडेलमध्ये लेन्सची पट्टी झिजून कलते, उलटं ठेवलं की पुन्हा बरोबर बसते.

आर्केड कॅबिनेट: घ्यायचं का?

खरं कॅबिनेट, म्हणजे पार्लरमधली ती उभी पेटी, एक जरी असलं तरी हॉलची हवा बदलते. पण ते पहिल्या वर्षी घेऊ नका, ठेवायला जागा लागते आणि एक तरी माणूस सोल्डरिंग जाणणारा लागतो.

घेतलंच तर थोडं समजून घ्या. जपानच्या आर्केडवाल्यांच्या संघटनेने १९८५ च्या सुमाराला वायरिंगची एक पद्धत ठरवली, जामा. गेमच्या सर्किट बोर्डाच्या कडेला ५६ पट्ट्या, एका बाजूला २८, दुसऱ्या बाजूला २८, त्यातूनच लाईट, चित्र, आवाज, जॉयस्टिक, टोकन सगळं जातं. म्हणजे पेटी एकच, आतला बोर्ड बदलला की गेम बदलला. पार्लरवाला दर महिन्याला 'नवीन मशीन' आणायचा ना, तो बोर्डच बदलायचा, पेटी तीच, म्हणून बाहेर चित्र स्ट्रीट फायटरचं आणि आत भलतंच असायचं.

बोर्ड उलटा घातला तर जळतो, आधी दिशा बघा. गेम मध्येच रिसेट होत असेल तर बोर्ड खराब म्हणून फेकू नका, मल्टिमीटर घ्या आणि बोर्डाच्या कडेला पाच व्होल्ट मोजा, सप्लायपाशी पाच दिसतात आणि लांब वायरीतून येईपर्यंत पावणेपाच होतात, सप्लायवरचा छोटा स्क्रू अगदी हळू फिरवून पाचवर आणा. कॅपकॉम कंपनीचे सीपीएस-२ जातीचे बोर्ड घेताना आतल्या बॅटरीची चौकशी करा, ती संपली की गेमच उडतो. पार्लरमध्ये फिरलेले पुष्कळ बोर्ड नकली असतात, आमच्याकडचा किंग ऑफ फायटर्स ९७ तसाच आहे, चालतो मस्त.

एवढं नको असेल तर रास्पबेरी पाय नावाचा छोटासा कॉम्प्युटर, दोन आर्केड जॉयस्टिक आणि प्लायवूडची पेटी, सुताराकडून दोन दिवसांत होते. फक्त गेम कुठून आणणार ते ठरवा. इंटरनेटवरून उतरवलेले रॉम (गेमच्या फाइली) म्हणजे पायरसीच, गेम तीस वर्षं जुना आहे म्हणून कॉपीराईट संपत नाही. कॅपकॉम, नामको वगैरे स्वतःच जुन्या आर्केड गेमचे संच विकतात, ते घ्या. आणि जुन्या कन्सोलसाठी आजही नवे गेम लिहिणारे लोक आहेत, मायक्रो मेजेस नावाचा एक आहे, चार जण एकत्र खेळतात आणि अख्खा गेम ४० केबीत बसतो, व्हॉट्सअॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो याहून मोठा असतो राव.

कुठले गेम लावायचे

इथे बघणाऱ्याचा विचार सगळ्यात जास्त. एकट्याने तास-तास खेळायचे गेम कितीही थोर असले तरी बैठकीला उपयोगाचे नाहीत. पाच मिनिटांत निकाल लागला पाहिजे, किंवा दोघं-तिघं एकत्र पाहिजेत.

मुस्तफा हवाच. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा, पण आपल्याकडे पिवळ्या टोपीवाल्यामुळे अख्ख्या गेमचंच नाव मुस्तफा पडलं, बाकी तिघांची नावं कुणाला आठवत नाहीत. तिघं एकदम खेळतात, आठ स्टेज आहेत, आणि मुस्तफा कोण घेणार यावर खेळ सुरू व्हायच्या आधीच भांडण. कॉन्ट्रा दोघांत, वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए करून तीस लाईफ घ्यायला परवानगी ठेवा, नाहीतर पहिल्या धबधब्यापाशीच लोक संपतात. आणि वरचा खेळाडू पुढे गेला की खालचा मरतो यावरून जी शिवीगाळ होते ती ऐकण्यासारखी असते.

पण माझ्या मते सगळ्यात बेस्ट टँकवाला, बॅटल सिटी. नवख्याला दहा सेकंदांत कळतो. एकदा आमच्या एका मेंबरची आई त्याला डबा द्यायला आली, तिला आग्रहाने बसवलं, तिने पहिल्याच स्टेजला वळून स्वतःच्याच गरुडावर, जो वाचवायचा असतो, गोळी मारली आणि गेम ओव्हर. हॉल हसून लोळला. ती म्हणाली, "हसताय काय, परत लाव." मग दुसऱ्या डावात तिने पोरालाच गोळ्या मारून गोठवून ठेवला, मुद्दाम की चुकून ते विचारायची त्याची हिंमत झाली नाही, आणि पाऊण तास ती उठलीच नाही. डबा गार झाला. मागे वीस जण उभे होते आणि एकाच्याही हातात मोबाईल नव्हता.

त्या दिवशी

चारला सुरू करायचं असेल तर एकला हॉलवर पोचा. आधी टीव्ही, मग वायरी, मग कन्सोल, आणि प्रत्येक गेम प्रत्यक्ष एक लाईफ खेळून बघा, नुसतं टायटल दिसलं म्हणजे झालं असं नाही. दाराशी पाटी लावा की झगमगत्या चित्राने फिट येण्याचा त्रास असणाऱ्यांनी जपून.

नंबर लावायला प्रत्येक टीव्हीशेजारी पाटी आणि खडू. नाव लिहायचं, कापायचं, बस. अॅप-बिप आम्ही करून बघितलं, लोक फोनमध्येच अडकतात. खडूची पाटी असली की माणूस टीव्हीपाशीच थांबतो, पुढच्याला विचारतो "तुझा नंबर कितवा", आणि ओळख तिथेच होते.

नियम तीनच ठेवा. लाईफ संपली की रिमोट सोडायचा. फायटिंग गेमला जिंकेल तो बसेल पण सलग तीन जिंकला की उठायचं, नाहीतर एखादा पोरगा पूर्ण संध्याकाळ बसून राहतो, आमच्याकडे असा एक आहे आणि तो कॉलेजात नाही, बँकेत आहे. आणि दहा वर्षांखालच्या मुलांचा नंबर मध्ये घुसवायची कुणालाही मुभा.

स्पर्धा घ्यायचीच तर सोळा जणांची, एकच टीव्ही, साडेसहानंतर, आणि तेव्हा बाकीचे टीव्ही बंद करा. सगळा हॉल एकाच स्क्रीनकडे वळला पाहिजे. बक्षीस म्हणून रोख देऊ नका, वातावरण बिघडतं, आम्ही जुन्या पार्लरचं टोकन दोऱ्यात ओवून गळ्यात घालतो.

पैशाचं सांगायचं तर वर्गणी काढा, तिकीट लावू नका. तिकीट लावलं की तो सार्वजनिक करमणुकीचा कार्यक्रम होतो, मग पोलीस स्टेशन आणि महापालिकेत परवानगीची चौकशी करावी लागते, गेमच्या हक्कांचा प्रश्नही गंभीर होतो. आम्ही माणशी शंभर काढतो, त्यात हॉलचं भाडं, चहा, वडापाव आणि टेम्पो निघतो. वडापाव टीव्हीपासून लांब ठेवा, तेलकट बोटांचा रिमोट साफ करणं हे या छंदातलं सगळ्यात घाण काम आहे.

आवराआवर

लोक गेले की तुम्ही दमलेले असता आणि नेमक्या तेव्हाच चुका होतात. कॅसेट कन्सोलमध्ये ठेवून न्यायची नाही. वायर कन्सोलभोवती घट्ट गुंडाळायची नाही, मुळाशी तुटते, सैल वेटोळं करून रबर लावा. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर सगळं झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक कन्सोल अर्धा तास चालवायचा. कोकणात राहत असाल तर दर आठवड्याला.

सगळ्यात शेवटी वही काढा आणि अॅडॉप्टर मोजा, कन्सोल कुणी विसरत नाही, अॅडॉप्टर हमखास राहतो. आमच्याकडे नऊ व्होल्टचा एक आठ महिने पडलाय, हिरवी पट्टी लावलेला, कुणीच विचारायला आलेलं नाही आणि हिरव्या पट्टीचा कन्सोल वहीत कुठेच नाही.